प्लॅस्टिकच्या पिशवीमागे कुत्रं पळवायचं: खेळ की फसवणूक?

सॅनहोजेकर: रविवारी आमच्या व्हिपेट जातीच्या कुत्र्याला ल्यूर कोर्सिंगला, म्हणजे ओढत्या आमिषामागे कुत्री पळवायच्या खेळाला, नेलं. मैदानभर पुलींवरून दोरी फिरवलेली, तिला पांढऱ्या पिशव्या बांधलेल्या. मोटरवर बसलेला माणूस कुत्र्याचा वेग बघून दोरी पळवतो. हे कॅलिफोर्नियातच १९७०च्या सुमारास निघालं. मोकळ्या रानात सशामागे धावताना कुत्री काटेरी तारांत फाटायची, म्हणून. ज्याचा जन्मच पळण्यासाठी आहे त्याला पट्ट्याला बांधून कॉलनीत फिरवायचं, हाच मला छळ वाटतो. इथं ससाही मरत नाही.

वावरातला कारवान: ससा मारणं आपल्याकडं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाच आहे, आणि बरंच झालं. आमच्या आज्ज्यानं केलं ते आम्ही करत नाही. पण पिशवी? आमचा कारवान जातीचा कुत्रा नजरेवर पळतो, खुळा नसतो. दोनदा फसला की तिसऱ्यांदा आडवा जाऊन वाट अडवतो. तिथं त्याचे गुण कापतात म्हणे. म्हणजे अक्कल चालवली की दंड!

सॅनहोजेकर: कापतात, खरंय. वेग, चपळाई, दम यांच्यासोबत पिशवीचा माग न सोडण्यालाही गुण असतात. पण फसवणूक म्हणाल तर, पळायची पाळी यायच्या आधीच आमचं कुत्रं किंचाळून दोन पायांवर उभं राहतं. मला तर धरवत नाही.

जनावरांची डॉक्टर: मन दुखावतं की नाही यावर तुम्ही भांडा, मला पाय दिसतात. वळणावर बोटं मुरगळतात, दोरी घासून कातडी सोलते. वर्षाच्या आतलं पिल्लू पळवू नका. अमेरिकेत स्पर्धेला तसा नियमच आहे. बाकी याला ग्रेहाउंड शर्यतीच्या माळेत ओवू नका. तिथं सट्टा होता. फ्लोरिडाच्या मतदारांनी २०१८मध्ये ती बंद करायचा कौल दिला. इथं फार तर रिबीन मिळते.

वावरातला कारवान: डॉक्टरबाई, रिबिनीपायी माणूस काय करतो ते बैलगाड्याच्या घाटात बघा. पैसा नसला तरी मिशी असतेच की. स्पर्धा नकोच. घरच्या वावरात एकदा ओढून बघीन म्हणतो, गुण देणारं कुणी नको. सायकल उलटी करून मागच्या चाकावर दोरी गुंडाळली तर जमंल का?

सॅनहोजेकर: जमेल, पण सरळ रेषेतच ओढा. आणि चालत्या दोरीला हात लावू नका, माझा तळवा अजून चरचरतोय.