पहिली ते चौथीच्या वर्गातून पडदा (स्क्रीन) हद्दपार करा म्हणणाऱ्यांना उत्तर

मेळघाटची शिक्षिका:

‘पहिली ते चौथीच्या वर्गांतून टॅब, टीव्ही आणि मोबाइल पूर्णपणे बाहेर काढावेत, चांगला शिक्षक, फळा आणि खडू एवढे पुरेसे आहे,’ अशी मागणी ‘फळा-खडू’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या सदस्यांनी काल या चर्चेत केली. तिला मिळालेला पाठिंबा पाहून मला सविस्तर उत्तर देणे भाग पडले आहे.

माझी शाळा द्विशिक्षकी आहे. शिक्षक दोन, इयत्ता चार. पहिलीला अक्षरगट शिकवत असताना त्याच खोलीत बसलेल्या दुसरीच्या मुलांनी काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर फळ्याकडे नाही, कारण फळ्यासमोर मी एकटीच उभी असते. शिवाय माझी बहुतेक मुले घरी कोरकू बोलतात आणि पाठ्यपुस्तक मात्र पहिल्या दिवसापासून मराठीत बोलते. गावातील आजीबाईंनी सांगितलेल्या कोरकू गोष्टी मी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या, त्याच गोष्टी सोप्या मराठीत पुन्हा ध्वनिमुद्रित केल्या आणि दुसरीचा गट त्या दोन्ही ऐकून चित्रांवर बोट ठेवत जातो. मुलांचे प्रकट वाचनही मी ध्वनिमुद्रित करून ठेवते. आठवड्याने स्वतःचा आवाज ऐकताना आपण कोठे अडखळलो हे मूल स्वतःच दाखवते, आणि कोणत्या जोडाक्षरावर मला पुन्हा यायचे आहे हे मलाही कळते. शाळेत रेंज नसते, म्हणून ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपवरील पाठ मी तालुक्याच्या गावी गेले की उतरवून आणते.

माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि मुलांच्या मातृभाषेतून मजकूर दिला. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्या कामाला मिळाला, यंत्राला नव्हे. साधन शिक्षकाच्या हाती असेल तर त्याचा उपयोग होतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

फळा-खडू:

मॅडम, आपले काम प्रामाणिक आहे याविषयी मला शंका नाही, परंतु धोरण अपवादावर आखले जात नाही. मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारा अधिकारी, म्हणून निवृत्त झालो. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्याच्या गुणवत्ता कार्यक्रमाच्या शासन निर्णयानंतर आमच्या केंद्रात डिजिटल शाळांची लाट आली. लोकवर्गणी जमली, प्रोजेक्टर आले, फीत कापली गेली. दोन-तीन वर्षांत बल्ब गेले, वीजबिल थकले, जोडणी तुटली आणि ती यंत्रे कपाटात गेली. वर्गणी देणारे मजूर होते, हे मी विसरू शकत नाही.

बाहेरचा अनुभवही पाहावा. पेरूने ग्रामीण प्राथमिक शाळांतील मुलांना लॅपटॉप वाटले; २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात गणित आणि भाषेच्या गुणांत कोणतीही वाढ आढळली नाही. स्वीडनच्या सरकारने २०२३ मध्ये पूर्वप्राथमिक स्तरावरील डिजिटल साधनांची सक्ती मागे घेतली आणि छापील पुस्तकांवर पैसा खर्च करण्याचे ठरवले. आपल्याकडे कोरोनाच्या टाळेबंदीत ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत रोज पीडीएफ पाठवल्या गेल्या. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतील मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, ती २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आली. मुले शिक्षकांसमोर परत बसली तेव्हा, २०२४ मध्ये, हा आकडा पुन्हा २७.१ झाला. याहून मोठा पुरावा कोणता हवा?

पिंपरीचा पालक:

‘फळा-खडू’ यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. माझा मुलगा खासगी शाळेत तिसरीत शिकतो. त्याचा गृहपाठ ॲपवर रात्री आठच्या सुमारास येतो आणि घरातील मोबाइल त्याच्या हाती द्यावाच लागतो. पाच मिनिटांच्या प्रश्नमंजूषेनंतर तो परत घेताना घरात रोज रडारड होते. केंद्र सरकारच्या २०२० च्या ‘प्रज्ञाता’ सूचनांमध्ये पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रे सांगितली होती. ती मर्यादा टाळेबंदीतील ऑनलाइन वर्गांसाठी होती. नियमित शाळा सुरू झाल्यानंतर गृहपाठाला मर्यादा कोणी घातली? या मुलाला तीन ओळी सलग लिहिताना हात दुखतो म्हणून थांबावे लागते. शाळेकडे तक्रार केली तर ‘इतर पालकांना आवडते’ असे उत्तर मिळते.

संशोधन वाचणारा:

पेरूचा दाखला द्यायचा तर दिल्लीचाही द्यावा. कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय कार्यक्रमाचा केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण साडेचार महिन्यांत मुलांची गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत स्पष्ट प्रगती दिसली, कारण तो कार्यक्रम इयत्तेप्रमाणे नव्हे, तर मुलाच्या प्रत्यक्ष पातळीप्रमाणे प्रश्न देत होता. पेरूत यंत्र दिले, पण त्यावर काय आणि कसे शिकायचे हे दिले नाही.

फळा-खडू:

ती मुले बहुतांशी सहावी ते नववीतील होती, केंद्रे शाळेबाहेरची होती आणि तेथे लहान गटांना शिकवणारी माणसेही होती. सहा वर्षांच्या मुलाला तो निष्कर्ष लावता येणार नाही.

जोडवर्ग, बीड:

आपण सर्वजण मुलांच्या पडद्यावर वाद घालत आहात; शिक्षकाच्या पडद्याविषयी कोणी बोलत नाही. माझ्या वर्गात मोबाइलवर सर्वांत जास्त वेळ घालवणारी व्यक्ती मीच आहे आणि त्या वेळाचा शिकवण्याशी काहीही संबंध नाही. सकाळी ऑनलाइन हजेरी, नंतर पोषण आहाराची नोंद, मग यू-डायस या शाळांच्या माहितीच्या सरकारी प्रणालीतील दुरुस्ती, आधार जुळत नसलेल्या मुलांची यादी, एखाद्या दिवसाच्या उपक्रमाची छायाचित्रे, त्याची लिंक आणि ती भरल्याचा पुरावा म्हणून पडद्याचे चित्र (स्क्रीनशॉट). दुपारी गटावर संदेश येतो की माहिती ‘आजच, तात्काळ’ हवी. ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांबरोबर निम्मा वर्ग दिवाळीनंतर बाहेर पडतो. राहिलेल्या मुलांना भागाकार शिकवत असताना मी सर्व्हर सुरू होण्याची वाट पाहत असतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. ऑनलाइन माहिती मात्र ‘शैक्षणिक’ ठरवून या कलमातून पळवाट काढली जाते. मुलांच्या हातातील टॅब काढण्याआधी माझ्या हातातील हे ओझे काढा.

फळा-खडू:

हा विषयाला फाटा आहे, तरीही उत्तर देतो. माहिती वेळेवर आली नाही तर शिष्यवृत्ती अडते, तांदूळ कमी येतो, गणवेश उशिरा मिळतो. पूर्वी हीच माहिती पाच-पाच प्रतींत कागदावर लिहावी लागत असे. काही शिक्षकांना शिकवायचेही नसते आणि लिहायचेही नसते, हे मी सेवेत असताना जवळून पाहिले आहे.

जोडवर्ग, बीड:

सर, हे विधान आपण मागे घ्यावे. एकाच मुलाची जन्मतारीख तीन वेगवेगळ्या ठिकाणी भरायला लावणारी व्यवस्था शिक्षकाने उभी केलेली नाही. भेटीला येणारा अधिकारी वर्गात न जाता कार्यालयात बसून ‘किती टक्के भरले’ एवढेच विचारत असेल, तर शिक्षकाने मुलांकडे पाहायचे की टक्क्यांकडे? मुलांच्या वर्गातून मोबाइल काढा म्हणणारे आपण शिक्षकाच्या हातात तोच मोबाइल पाच तास ठेवण्याचे समर्थन करत आहात, यातील विसंगती आपल्याला दिसत नाही का?

पिंपरीचा पालक:

आमच्या शाळेतही हेच आहे. बाई वर्गाची छायाचित्रे पालकांच्या गटावर टाकत असतात, आणि वही मात्र महिनाभर तपासलेली नसते.

मेळघाटची शिक्षिका:

बीडच्या सरांच्या संतापाशी मी पूर्ण सहमत आहे, पण त्यावरून साधनांविरुद्धचा निष्कर्ष काढू देणार नाही. माहिती वर पाठवणारा मोबाइल आणि मुलाचे वाचन मला ऐकवणारा मोबाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याने माझा वेळ जातो, तर दुसऱ्याने मुलाविषयी काहीतरी कळते. ‘असर’च्या आकड्यांबाबतही हेच म्हणेन: २०२० आणि २०२१ मध्ये मुलांसमोर शिक्षकच नव्हते, आणि आमच्याकडे कित्येक घरांत फोनही नव्हता. शिक्षकाच्या जागी साधन आणले की काय होते, हे ते आकडे सांगतात. शिक्षकाच्या बरोबरीने साधन वापरले तर काय होते, यावर ते काहीही सांगत नाहीत.

पालकांचे म्हणणे मात्र मला पटते. तिसरीच्या मुलाला गृहपाठासाठी घरचा मोबाइल घ्यायला लावणे हे शाळेने स्वतःचे काम पालकांवर ढकलणे आहे. चौथीपर्यंत ऑनलाइन गृहपाठ असू नये.

फळा-खडू:

बीडच्या सरांच्या शाळेविषयी मला माहिती नसताना सरसकट बोललो, ते विधान त्यांच्यापुरते मागे घेतो. इतरांविषयीचे मत कायम आहे. मॅडमच्या ध्वनिमुद्रणाला माझा विरोध असण्याचे कारण नाही, कारण त्यात पडदा नाही आणि मूल बोलते, ऐकते. निदान पहिली-दुसरीत पडदा नको, या मागणीवरून मात्र मी हटणार नाही. आणि यंत्र कपाटात जाऊ नये यासाठी आपण काय सुचवता, ते अजून कोणीही सांगितलेले नाही.

मेळघाटची शिक्षिका:

तीस मुलांपर्यंतच्या शाळेला ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेचे संयुक्त अनुदान वर्षाला १० हजार रुपये मिळते. त्यातच वीजबिल, खडू, स्वच्छता आणि दुरुस्ती भागवायची असते. म्हणून नवीन टीव्ही वाटण्यापूर्वी वीजबिलाची आणि दुरुस्तीची स्वतंत्र तरतूद करावी, आणि कोणते साधन घ्यायचे हे त्या शाळेतील शिक्षकांना विचारून ठरवावे. मला विचारले असते, तर मी टीव्ही नव्हे, एक चांगला स्पीकर आणि चार हेडफोन मागितले असते.

पहिलीत पडदा नको, हे मी मान्य करते. दुसरीबाबत नाही: कोरकूतून मराठीत येणाऱ्या मुलाला गोष्टीसोबत चित्र पाहावेच लागते, आणि तशी चित्रांची पुस्तके माझ्या शाळेपर्यंत अद्याप पोहोचलेली नाहीत.

फळा-खडू:

मग आधी पुस्तके मागा. त्या मागणीवर माझी सही घ्या.