कॅसँड्रा मंदावला की नोड वाढवा?

नोडवाला: कॅसँड्राची गती घसरली की सेटिंग्ज उलटसुलट करत बसण्यापेक्षा सरळ नोड (डेटा वाटून घेणारी यंत्रे) वाढवावेत, हे माझे आठ वर्षांच्या अनुभवाने बनलेले मत आहे. फेसबुकमध्ये जन्मल्यापासून या डेटाबेसची रचनाच यंत्रे वाढवत नेण्यासाठी केलेली आहे. अभियंत्याच्या महिन्याभराच्या पगारापेक्षा तीन यंत्रांचे भाडे स्वस्त पडते.

मीटरवाचक: हे वाचून राहवले नाही, कारण नेमक्या याच सल्ल्याने आमचा अख्खा पावसाळा खाल्ला. आमच्याकडे वीजमीटरच्या नोंदी येत असत आणि पार्टिशन की (ओळ कोणत्या गटात, म्हणजे पार्टिशनमध्ये, आणि त्यामुळे कोणत्या नोडांवर जाईल हे ठरवणारा रकाना) म्हणून कोणीतरी फक्त तारीख ठेवली होती. म्हणजे त्या दिवसाचे सगळे लेखन एकाच पार्टिशनमध्ये आणि प्रती तीन असल्यामुळे तीनच नोडांवर. आम्ही सहाचे नऊ नोड केले, तरी तिघे घामाघूम आणि सहा जण रिकामे. देखरेखीच्या पडद्यावर रात्री बाराला तीन रेषा खाली येत आणि त्याच क्षणी दुसऱ्या तीन वर चढत. ते दृश्य दिसले तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले. ‘नोडटूल टेबलहिस्टोग्राम्स’ या टेबलाची आकडेवारी दाखवणाऱ्या आज्ञेत सर्वांत मोठे पार्टिशन दोन जीबीच्या घरात निघाले. ते शंभर एमबीच्या आत ठेवावे हा सर्वांना ठाऊक असलेला आडाखा आहे. मीटर क्रमांक आणि महिना अशी की केल्यावर पूर्वीच्या सहा नोडांवरच काम भागले. नऊ नोडांचे भाडे मात्र तोवर भरून झाले होते.

रात्रपाळी: रचना बदला म्हणणे सोपे आहे. चालू व्यवस्थेत काही टीबींचा डेटा नव्या टेबलात हलवायचा आणि त्या काळात दोन्हीकडे लिहीत राहायचे, याला परवानगी कोण देतो? सेटिंग्जना कमी लेखू नका. आमची प्रत्येक ओळ तीनचारशे बाइटची होती, पण कॉम्प्रेशनचा चंक ६४ केबीचा असल्यामुळे एका ओळीसाठी तेवढा सगळा तुकडा वाचून उलगडावा लागे, आणि त्यावर लिनक्सचे रीड-अहेड (पुढचा डेटा आधीच वाचून ठेवणे) १२८ केबी. आवृत्ती ४.० पासून नव्या टेबलांना १६ केबीचा चंक मिळतो, पण जुन्या टेबलांची नोंद ६४ वरच राहते, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. आम्ही चंक ४ केबीचा केला, फाइल्स पुन्हा लिहून घेतल्या, रीड-अहेड उतरवले आणि डिस्कवरचा ताण त्याच आठवड्यात ओसरला. टूमस्टोनांचा (पुसलेल्या किंवा मुदत संपलेल्या नोंदींच्या खुणांचा) त्रास होता म्हणून जीसी-ग्रेसही (त्या खुणा राखण्याची किमान मुदत) दहा दिवसांवरून एका दिवसावर आणला.

मीटरवाचक: चंकचा मुद्दा मान्य. शेवटचे वाक्य मात्र इतक्या सहज लिहिण्यासारखे नाही.

जुनाहिशेब: सहज लिहिण्यासारखे नाही काय, ते लिहायलाच नको होते! नवखा माणूस वाचेल आणि उद्या तसेच करेल. आमच्या पूर्वीच्या नोकरीत जीसी-ग्रेस दोन दिवसांवर आणलेला होता. एक नोड डिस्क बदलण्यासाठी तीन दिवस बंद राहिला आणि रिपेअर (सर्व नोडांवरच्या प्रती जुळवून घेणे) न करताच परत आला. बाकीच्या नोडांनी तोवर टूमस्टोन कॉम्पॅक्शनमध्ये (फाइल्स एकत्र करताना) टाकून दिले होते, त्यामुळे त्या नोडावरच्या जुन्या ओळी पुन्हा सगळीकडे पसरल्या. बंद केलेली खाती जिवंत झाली आणि त्या ग्राहकांना बिले गेली. चार रात्री मी एकेक खाते ताडून पाहिले आहे. अशा ‘ट्यूनिंग’चा मला आजही संताप येतो.

रात्रपाळी: संताप समजतो, पण माझे टेबल न पाहता मला बेजबाबदार ठरवू नका. आमच्या सर्व नोंदींना एकच टीटीएल (नोंद आपोआप मरण्याची मुदत) आहे, हाताने काहीही पुसले जात नाही आणि कॉम्पॅक्शन टाइम-विंडो पद्धतीचे (एका काळातल्या नोंदी एकत्र ठेवणारे) आहे. प्रत्येक प्रत स्वतःच्या टीटीएलने मरते; ती परत येणार कुठून?

जुनाहिशेब: एवढ्या अटी असतील तर चालेल, पण त्या अटी पहिल्याच प्रतिसादात लिहायच्या होत्या. आणखी एक भर घालतो: हिंट्सची (बंद नोडासाठी राखून ठेवलेल्या लेखनांची) मुदत जीसी-ग्रेसला बांधलेली असते, म्हणून तीन तासांच्या हिंट-विंडोच्या (हिंट्स जमवत राहण्याच्या काळाच्या) खाली तो कधीही नेऊ नये. ज्या टेबलात डिलीट होतात, तिथे तर रिपेअर प्रत्येक नोडावर त्या मुदतीत पूर्ण होतो याची खात्री होईपर्यंत दहा दिवसांना हात लावू नये. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपनेही तो दहावरून दोन दिवसांवर आणला होता, पण रोज रात्री रिपेअर चालवत असल्यामुळे.

नोडवाला: माझा विषय नोडांचा होता, तो टूमस्टोनांखाली गाडला गेला. मीटरवाचकांचे उदाहरण मला पटले, हे कबूल करणे भाग आहे. एका पार्टिशनवर भार असेल तर नव्या नोडांचा उपयोग नाही. भार सर्व नोडांवर सारखा पसरलेला असून सगळेच दमले असतील, तर मात्र मी नोडच वाढवीन.

मीटरवाचक: मग सारखा पसरला आहे की नाही, हे आधी पाहा आणि नंतर यंत्रे मागवा. टेबलहिस्टोग्राम्स चालवायला एक मिनिटही लागत नाही.