आयव्हीएफचा सक्सेस रेट: किती जणींपैकी, आणि कुठपर्यंत मोजलेला?

मुलुंडकर:
पत्नीचं वय ३६, एएमएच (बीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ततपासणी) १.४, माझा रिपोर्ट नॉर्मल. तीन क्लिनिकं बघून झाली. दादरला ७० टक्के सांगितलं, अंधेरीला ४५, आणि ठाण्याच्या डॉक्टरांनी 'तुमच्या वयाला साधारण ३०' म्हणत कागदावर गणित मांडून दाखवलं. ७० वाल्यांच्या पत्रकात 'तीन सायकलमध्ये ९० टक्के' असंही छापलंय. एकाच शहरात, एकाच उपचाराचे आकडे इतके वेगळे कसे? क्लिनिकवार सरकारी आकडे कुठे बघायला मिळतात का? क्लिनिकची नावं सुचवू नका, आकडे वाचायचे कसे तेवढं सांगा.

पेट्रीडिश:
तिघंही खरं बोलत असतील, अगदी शक्य आहे. मी एम्ब्रियॉलॉजीत, म्हणजे भ्रूण वाढवतात त्या लॅबमध्ये, काम करते, त्यामुळे आमच्या वहीत आकडे कसे पडतात ते सांगते.

समजा १०० जणींची इंजेक्शनं सुरू झाली. काहींचे फॉलिकल (बीज ज्यात वाढतं त्या पिशव्या) वाढले नाहीत, काहींचं आधीच ओव्ह्युलेशन झालं, म्हणजे बीज सुटून गेलं. पिकअपपर्यंत, म्हणजे बीजं बाहेर काढण्यापर्यंत, ८८ पोचल्या. त्यातल्या काहींची बीजं अपरिपक्व निघाली, काहींचं फर्टिलायझेशन झालं नाही, काहींचे भ्रूण तिसऱ्या दिवसानंतर थांबले. ट्रान्स्फर, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडणं, ७० जणींचं झालं. बीटा एचसीजी (गर्भ राहिला का ते सांगणारी रक्ततपासणी) पॉझिटिव्ह ३५. सहा-सात आठवड्यांच्या सोनोग्राफीत हार्टबीट दिसला २८ जणींना. बाळ घरी आलं २४ जणींच्या. (आकडे समजावण्यापुरते घेतलेत.)

आता जाहिरात लिहा. बीटा भागिले ट्रान्स्फर: ५० टक्के. हार्टबीट भागिले ट्रान्स्फर: ४०. जन्म भागिले ट्रान्स्फर: ३४. जन्म भागिले सुरू केलेल्या सायकली: २४. लॅब तीच, वर्ष तेच, आणि एकही आकडा खोटा नाही.

बीटाबद्दल जरा जास्त सांगते, कारण फुगवटा बहुतेक तिथेच असतो. बीटा वर जाऊन आठवड्याभरात खाली येते, सोनोग्राफीत पिशवीच दिसत नाही, अशा केसेस नेहमी येतात. त्यांना बायोकेमिकल प्रेग्नन्सी म्हणतात. शिवाय पिकअपच्या आधी बीजं पक्व व्हायला दिलेलं ट्रिगर इंजेक्शन एचसीजीचं असेल तर ते दहा-बारा दिवस रक्तात रेंगाळतं. फ्रेश ट्रान्स्फरनंतर (भ्रूण न गोठवता त्याच सायकलमध्ये सोडल्यावर) घाईने टेस्ट केली तर औषधच पॉझिटिव्ह दाखवतं. म्हणून एका बीटावर पेढे वाटू नयेत, ४८ तासांनी पुन्हा करून ती वाढतेय का ते बघावं.

दुसरा खेळ रुग्ण निवडण्याचा. काही शाळा कच्च्या मुलांना १७ नंबरचा फॉर्म भरायला लावून शंभर टक्के निकालाचा बोर्ड लावतात, तसंच. चाळिशीच्या, एएमएच ०.५ असलेल्या बाईला 'तुम्ही डोनर एगच करा' म्हटलं की स्वतःच्या बीजांच्या यादीतून एक अवघड केस कमी झाली आणि डोनरच्या यादीत एक सोपी केस वाढली. डोनर सायकलचं यश बीज देणारीच्या वयावर ठरतं, आणि आपल्या कायद्याने ती २३ ते ३५ वर्षांचीच असू शकते. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: या आकड्यात डोनर सायकली धरल्यात का?

तुमच्या केसमध्ये एएमएच १.४ वरून बीजं किती मिळतील याचा अंदाज येतो. ती कशी असतील ते वय सांगतं. साधारण आठ बीजं मिळाली तर सहा परिपक्व, चार फर्टिलाइझ, दोन ब्लास्टोसिस्ट (पाच-सहा दिवस वाढलेले भ्रूण), असा उतार धरा. ३६ व्या वर्षी ब्लास्टोसिस्टपैकी तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त क्रोमोसोमच्या दृष्टीने सदोष असतात. ४२ ला हेच प्रमाण पाऊण हिश्श्याच्या आसपास जातं. हे धरलं तर ठाण्याचा ३० चा आकडा मला तिघांत सगळ्यात सरळ वाटतो.

गोळाबेरीज:
वरच्या हिशेबाला एक पुरवणी. आकडा किती केसेसवरून काढलाय हे विचारल्याशिवाय टक्केवारी ऐकूच नका. २० ट्रान्स्फरपैकी १४ यशस्वी म्हणजे ७० टक्के. पण एवढ्या कमी केसेसवर खरं प्रमाण ४६ ते ८८ यांच्यात कुठेही असू शकतं. २०० पैकी १४० असतील तर तीच रेंज ६३ ते ७६ अशी आवळते. 'गेल्या तीन महिन्यांत ८० टक्के' हे वाक्य तर हमखास तेव्हाच बोललं जातं जेव्हा ते तीन महिने चांगले गेलेले असतात.

तीन सायकलमध्ये ९० चं गणित उलटं करून बघा. त्यासाठी दर सायकलला जवळजवळ ५४ टक्के यश लागेल. ३० टक्के धरलं तर तीन मिळून ६६ होतात. आणि हे ६६ सुद्धा दर वेळी शक्यता तेवढीच राहते असं मानून. प्रत्यक्षात पहिल्यांदा ज्यांना यश येतं त्या रांगेतून बाहेर पडतात, उरलेल्यांत अवघड केसेस जास्त. शिवाय पैसे किंवा हिंमत संपल्याने मध्येच सोडणारे बरेच. त्यांना गाळून मोजलं की आकडा सुंदर दिसतो.

मुलुंडकर:
दोघांचे आभार. अंधेरीच्या क्लिनिकने पीजीटी-ए (भ्रूणाच्या क्रोमोसोमची तपासणी) केलं तर ६५ टक्क्यांपर्यंत जाईल असंही सांगितलं होतं. ते करावं का?

पेट्रीडिश:
६५ टक्के 'ट्रान्स्फर केलेल्या नॉर्मल भ्रूणामागे' असणार. पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून, म्हणजे ज्याची पुढे वार बनते त्या भागातून, पाच-सहा पेशी काढून तपासतात आणि तोवर भ्रूण गोठवून ठेवतात. सदोष भ्रूण बाजूला झाल्याने भागाकाराचा खालचा आकडा लहान होतो आणि टक्केवारी चढते. नवं चांगलं भ्रूण काही तयार होत नाही. ज्यांचे सगळेच सदोष निघाले त्यांचं ट्रान्स्फरच होत नाही, म्हणजे त्या या ६५ च्या हिशेबात नाहीतच.

वारंवार गर्भपात होत असतील किंवा आठ-दहा ब्लास्टोसिस्टमधून निवडायचं असेल तर त्याला अर्थ आहे. वाया जाणारी ट्रान्स्फर आणि गर्भपात टळतात. हातात दोनच असताना मी तरी आधी ट्रान्स्फर करा म्हणेन. मोझेइक (काही पेशी नॉर्मल, काही सदोष) रिपोर्ट आला तर ते भ्रूण वापरणार की नाही, हे आधीच ठरवून घ्या, नंतर त्यावरून वाद होतात. आणि या तपासणीत मुलगा की मुलगी हे कळतं म्हणून कोणी सुचवत असेल तर तिथून उठा, तो गुन्हा आहे.

फाइलवाली ताई:
सरकारी आकड्यांबद्दल: इंग्लंडमध्ये एचएफईए ही नियामक संस्था क्लिनिकवार जन्मदर प्रसिद्ध करते. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने क्लिनिकांना आकडे द्यावे लागतात. आपल्याकडे तसा क्लिनिकवार निकाल लोकांना बघायला मिळत नाही. २०२१ चा एआरटी कायदा (आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीचा) जानेवारी २०२२ पासून लागू आहे, राष्ट्रीय रजिस्ट्रीत नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी प्रमाणपत्र बघायला मागा आणि त्यावर लेव्हल २ आहे ना ते वाचा. लेव्हल १ वाल्यांना आययूआयपर्यंतच (शुक्राणू गर्भाशयात सोडणं) परवानगी असते. त्याच कायद्यात यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम आणि जुळ्या-तिळ्यांचा धोका समजावून सांगणं क्लिनिकवर बंधनकारक केलंय. त्यामुळे विचारताना संकोच नको.

विचारायचं ते एका वाक्यात विचारा: '३५ ते ३७ वयोगटात, स्वतःच्या बीजांवर, गेल्या पूर्ण वर्षात किती सायकली सुरू केल्या आणि त्यातून किती जणींना बाळ झालं?' फ्रोझन ट्रान्स्फर (गोठवलेले भ्रूण नंतर सोडणं) त्याच पिकअपखाली धरलीत का, हेही विचारा. एका वेळी किती भ्रूण सोडतात ते तर विचाराच. दोन-तीन सोडले की टक्केवारी चढते, पण जुळी झाली की लवकर प्रसूती आणि एनआयसीयूचं बिल तुमच्या खिशातून जातं, क्लिनिकच्या आकड्यातून नाही.

पॅकेजचा कागद घरी आणून वाचा. इंजेक्शनं, ॲनेस्थेशिया, इक्सी (एकेक शुक्राणू थेट बीजात टोचणं), फ्रीझिंग, दरवर्षीचं स्टोरेज आणि फ्रोझन ट्रान्स्फर यातलं काय आत, काय बाहेर? सायकल रद्द झाली तर ती तिनांतली एक धरतात का? करार कुठे संपतो, बीटा पॉझिटिव्हवर की जन्मावर? दुसरी-तिसरी सायकल डोनर एगवर असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं का, तेही शोधा.

इनक्युबेटर ३७:
लॅबबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. उपनगरांतल्या काही लहान सेंटरमध्ये एम्ब्रियॉलॉजिस्ट पूर्णवेळ नसतो. तो ठरावीक तारखांना येतो आणि पाच-दहा जणींचे पिकअप एका बॅचमध्ये उरकतात. मग फॉलिकल तयार झाले म्हणून पिकअप होत नाही, तारीख आली म्हणून होतो. ट्रिगर एक-दोन दिवस मागेपुढे गेलं की परिपक्व बीजांची संख्या घटते. 'बॅच आहे का?' एवढंच रिसेप्शनला विचारा, तिथे उत्तर पटकन मिळतं.

लॅबचे आकडेही मागता येतात. २०१७ च्या व्हिएन्ना कन्सेन्ससप्रमाणे (लॅबसाठी तज्ज्ञांनी मिळून ठरवलेले निकष) इक्सीनंतर नॉर्मल फर्टिलायझेशन किमान ६५ टक्के आणि त्यातून ब्लास्टोसिस्ट किमान ४० टक्के व्हायला हवेत. ८० आणि ६० हे उत्तम लॅबचं लक्ष्य. हे आकडे तरुण रुग्णांवरचे असतात, तुमच्या एका सायकलशी ताडून भांडू नका. पण 'आम्ही असं काही मोजत नाही' हे उत्तर आलं तर ते पुरेसं बोलकं आहे.

मुंबईत आणखी एक गोष्ट बघा: शेजारी रिडेव्हलपमेंट किंवा वरच्या मजल्यावर रंगकाम. रंग, थिनर, चिकटद्रव्यं यांच्या वाफा भ्रूणांना मारक असतात आणि नुसता हेपा फिल्टर (धुळीचे कण अडवणारा) त्या अडवत नाही, कार्बन फिल्टर लागतो. तो कधी बदलला याची नोंद चांगल्या लॅबकडे असते.

सायकल संपल्यावर निकाल काहीही लागो, एम्ब्रियॉलॉजी रिपोर्ट लेखी घ्या: बीजं किती, परिपक्व किती, फर्टिलाइझ किती, पाचव्या दिवशी कोणत्या ग्रेडचे किती, गोठवलेले किती. दुसरीकडे जायची वेळ आली तर नवा डॉक्टर सगळ्यात आधी तोच कागद मागतो.

मुलुंडकर:
दादरला फोन केला. ७० म्हणजे बीटा पॉझिटिव्ह, डोनर सायकली धरून. वयोगटाचे आकडे 'सरांना विचारून कळवतो' म्हणाले. बॅच आहे.