एएनएमनंतर जीएनएम: वय आड येईल का?

मी आदिवासी भागातल्या उपकेंद्रात कंत्राटी एएनएम (सहाय्यक परिचारिका प्रसाविका) आहे. वय ३७, बारावी कला शाखेतून. लसीकरण, बाळंतपणं सगळं करते, पण मला रुग्णालयात स्टाफ नर्स व्हायचंय. थेट बी.एस्सी. नर्सिंग जमेल का?

उत्तर १ : ताई, बी.एस्सी.ला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. जीएनएमला, म्हणजे जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरीच्या डिप्लोमाला, कला शाखा चालते. ३५ वर्षांची अट आहे, पण भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमात एएनएमना ती लागू नाही. कोर्स ३ वर्षांचा, पुढे पोस्ट बेसिक बी.एस्सी. (जीएनएम झालेल्यांसाठीची नर्सिंग पदवी) २ वर्षांत.

उत्तर २ : मी याच वाटेने आले, म्हणून मनापासून सांगते, जरूर करा. पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठे आहे हे तुम्हाला कळतंच. वर्गातल्या मुलींना ते शिकायला वेळ लागतो. मला जड गेलं ते सलाईनचं गणित. ५०० मिली ८ तासांत द्यायचं, सेट १ मिलीला २० थेंबांचा, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. घड्याळ धरून मोजायची सवय आत्तापासूनच लावा. आणि हो, महाराष्ट्र परिचर्या परिषदेतली नोंदणी चालू आहे ना, आधी बघा.

प्रश्नकर्ती : नोकरी सांभाळून होईल का? एक जण घरबसल्या करून देतो म्हणतोय.

उत्तर २ : अजिबात पैसे देऊ नका! वॉर्डातली ड्युटी केल्याशिवाय जीएनएम होत नाही. नोकरी सोडावी लागेल, घरच्यांशी आधी खर्चाचं बोलून घ्या.