जुनी बस स्टेशनं जहाजासारखी का दिसायची? आणि रात्रीच्या गाडीच्या आठवणी

खिडकीची_सीट:
दोन-तीन दिवस कामधाम सोडून जुन्या बस स्टेशनांचे फोटो बघत बसलोय. अमेरिकेतल्या ग्रेहाउंड या बस कंपनीची १९३०-४० च्या काळातली स्टेशनं बघा, कोपरे गोल, भिंतीवर आडव्या पट्ट्या, वर उभा निऑनचा बोर्ड आणि त्यावर धावणारा कुत्रा. बिल्डिंग जागेवर उभी राहून पळतेय असं वाटतं. ही नुसती फॅशन होती की काही कारण होतं?

दुसरं म्हणजे मला प्रवासापेक्षा मधे थांबणंच जास्त आठवतं. पहाटे तीनला कुठल्यातरी अनोळखी स्टेशनवर गाडी दहा मिनिटं उभी, इंजिन चालूच, खाली उतरलं तरी पायात थरथर तशीच, आणि परत येऊन बघतो तर सारख्या दिसणाऱ्या चार गाड्या, मग काचेवर आपल्याच डोक्याच्या तेलाचा डाग शोधत फिरायचं. हे माझंच व्हायचं का सगळ्यांचं?

नकाशावेडा:
फॅशन तर होतीच, स्ट्रीमलाइन मॉडर्न म्हणतात त्या शैलीला. विमानं, आगगाड्या, अगदी घरातली यंत्रंसुद्धा तेव्हा गुळगुळीत करायचं वेड होतं. पण खरी गोम वेगळी आहे असं मला वाटतं. रेल्वेकडे खांब-कमानींची भव्य स्टेशनं होती आणि बस म्हणजे गरिबाची सोय, मग बसवाल्यांनी 'आम्ही नव्या जमान्याचे' हे इमारतीतूनच सांगितलं. विल्यम अॅरास्मिथ नावाच्या आर्किटेक्टने ग्रेहाउंडसाठी अशी डझनावारी स्टेशनं केली, क्लीव्हलंडचं १९४८ चं त्यातलंच. गाड्याही तशाच. १९५४ ते ५६ मधे जनरल मोटर्सने त्यांच्यासाठी सीनिक्रूझर नावाच्या १००१ बस बनवल्या, मागची बाजू उंच आणि आत चक्क टॉयलेट.

फलाट_नंबर_सात:
सगळं दिसण्यासाठीच नव्हतं हो. फलाट करवतीच्या दातांसारखे तिरके का असतात बघा. गाड्या एकामागे एक लावल्या तर पुढची हलेपर्यंत मागचीला जागचं हलता येत नाही, तिरक्या लावल्या की प्रत्येक गाडी आपापल्या वेळेला निघते, शिवाय कमी जागेत जास्त मावतात. दार पुढे असल्यामुळे माणूस फलाटावरून सरळ गाडीत. फक्त रिव्हर्स घेताना ड्रायव्हरचा जीव टांगणीला.

आणि नुसतं अमेरिका अमेरिका काय? इंग्लंडमधलं प्रेस्टन बघा, १९६९ चं, उघडं काँक्रीट, एकावेळी ८० डबलडेकर लागतील एवढं मोठं आणि वर पार्किंगच्या मजल्यांच्या वळणदार कडा. पाडायला निघाले होते, लोकांनी आरडाओरडा केला आणि २०१३ मधे त्याला संरक्षित इमारतीचा दर्जा मिळाला. मला ते त्या निऑनवाल्यांपेक्षा कितीतरी आवडतं.

मागचं_बाकडं:
जरा विरस करते, सॉरी. त्या गोल कोपऱ्यांच्या सुंदर स्टेशनांत अमेरिकेच्या दक्षिणेत वेटिंग रूम गोऱ्यांची वेगळी आणि काळ्यांची वेगळी होती. २० मे १९६१ ला माँटगोमेरीच्या ग्रेहाउंड स्टेशनवर फ्रीडम रायडर्सना, म्हणजे या भेदभावाविरुद्ध मुद्दाम एकत्र बसप्रवास करणाऱ्या काळ्या-गोऱ्या कार्यकर्त्यांना, जमावाने मारलं, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून असा भेदभाव बंद करायचा सरकारी आदेश लागू झाला. आता तिथे म्युझियम आहे. सव्हानाच्या १९३८ च्या स्टेशनात तर रेस्टॉरंट चालतं. फोटो मलाही आवडतात, पण 'काय दिवस होते ते' म्हणताना कोणाचे दिवस हे विचारावंसं वाटतं.

गुडघेदुखी:
मला कसलाही नॉस्टॅल्जिया नाही. पुढच्या सीटचा दांडा बरोब्बर गुडघ्यात, शेजारचा आपल्या खांद्यावर झोपलेला, खिडकी बंद केली तर मळमळ आणि उघडली तर धूळ. बस स्टेशनच्या टॉयलेटबद्दल तर मी बोलतच नाही.

पंक्चर_पंडित:
@खिडकीची_सीट तेलाच्या डागाचं वाचून हसू आवरेना. मी हुशारी करून खिडकीच्या गजाला लाल रुमाल बांधून ठेवायचो. एकदा मधल्या स्टेशनवर उतरलो, पाणी प्यायलो, लाल रुमाल दिसला, चढलो, झोपलो. तासाभराने जाग आली तर शेजारी भलतंच कुटुंब आणि ती बाई मला म्हणते, तो रुमाल आमच्या मुलाचा आहे.

खिडकीची_सीट:
आईशप्पथ 😂 मग बॅग?

पंक्चर_पंडित:
बॅग बरोबर पोचली ना. मीच दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो.