शब्दचर्चा: ड्रॉबार आवळताना स्पिंडल ‘धरणे’ की ‘रोखणे’?

प्रश्न

उभ्या मिलिंग मशीनच्या वापरपुस्तिकेचे मराठी रूप तपासत असताना पुढील वाक्य समोर आले: ‘एका हाताने कॉलेट धरून ड्रॉबारचे आटे धरेपर्यंत तो फिरवावा आणि नंतर स्पिंडल धरून ड्रॉबार आवळावा.’ (स्पिंडल म्हणजे कटर फिरवणारा मशीनचा पोकळ दांडा, कॉलेट म्हणजे त्याच्या खालच्या टोकात बसून कटर पकडणारी नळी आणि ड्रॉबार म्हणजे कॉलेट वर ओढून धरणारा लांब बोल्ट.) व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात दोष नाही, परंतु ‘धरणे’ हे क्रियापद तीन वेळा आले असून प्रत्येक वेळी त्याचा अर्थ वेगळा आहे. यांपैकी शेवटच्या ठिकाणी, म्हणजे स्पिंडलच्या बाबतीत, अधिक नेमके क्रियापद कोणते योजावे? ‘स्थिर ठेवून’, ‘अडवून’, ‘लॉक करून’ आणि ‘जाम करून’ असे पर्याय सहकाऱ्यांनी सुचवले आहेत.

प्रतिसाद

पहिले दोन ‘धरणे’ आहेत तसेच राहू द्यावेत. कॉलेट हातात धरले जाते आणि आटे आट्यांना धरतात; ‘आटे धरले’ हा प्रयोग इतका रुळलेला आहे की त्याच्या जागी ‘आटे परस्परांत गुंतल्यावर’ असे लिहिले, तर मशीनवर काम करणाऱ्याला क्षणभर थांबून अर्थ लावावा लागेल. अडचण तिसऱ्याची आहे. तेथे ‘धरून’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर हात येतो, आणि स्पिंडल हाताने धरणे हीच तर टाळायची गोष्ट आहे. कॉलेटमध्ये कटर बसलेला असताना स्पिंडलचे खालचे टोक पकडून वर पाना ओढला आणि पाना निसटला, तर कटरची धार थेट तळहातात जाते.

स्पिंडल रोखावा का लागतो, हे ध्यानात घेतले की क्रियापद आपोआप सुचते. ड्रॉबार म्हणजे स्पिंडलच्या पोकळीतून वरून खाली जाणारा लांब बोल्टच. त्याचे डोके स्पिंडलच्या वरच्या तोंडावर टेकते आणि खालचे आटे कॉलेटमध्ये शिरून त्याला टेपरमध्ये, म्हणजे स्पिंडलच्या निमुळत्या भोकात, वर ओढून घेतात. पाना फिरवू लागल्यावर डोक्याखालच्या घर्षणामुळे आणि कॉलेटमार्फत तो जोर स्पिंडलवरही येतो आणि ड्रॉबार आवळला जाण्याऐवजी सगळाच संच पान्याबरोबर फिरू लागतो. म्हणजे येथे फिरू पाहणाऱ्या वस्तूला प्रतिकार करायचा आहे. त्यासाठी मराठीत ‘रोखून धरणे’ हे जोडक्रियापद तयारच आहे: ‘रोखणे’ने विरोध व्यक्त होतो आणि ‘धरणे’ने तो विरोध पाना ओढेपर्यंत टिकवायचा आहे हे कळते. ‘स्थिर ठेवून’ चूक नाही, पण ते फक्त परिणाम सांगते, कृती सांगत नाही.

‘जाम करून’ मात्र कटाक्षाने टाळावे. आपल्याकडे ‘जाम झाला’ म्हणजे बिघडला, अडकून बसला. पुस्तिकेत ‘स्पिंडल जाम करावा’ असे वाचून एखादा नवखा कामगार गिअरच्या दातांत काहीतरी खुपसण्याचा विचार करू लागला, तर दोष त्याचा म्हणता येणार नाही.

प्रतिसाद

‘रोखून धरणे’ मान्य, पण ते सर्वच मशिनांना सारखे लागू पडत नाही.

अमेरिकेतील ब्रिजपोर्ट शहरात 1938 साली ज्या घडणीची सुरुवात झाली, त्या घडणीच्या टरेट (डोके वळवता येणाऱ्या) मशिनांत डोक्यावर ब्रेकचा दांडा असतो. ऑपरेटर एका हाताने तो दांडा दाबून ठेवतो आणि दुसऱ्या हाताने पाना ओढतो. येथे ‘रोखून धरणे’ अगदी चपखल बसते. लहान बेंच मशिनांत बहुधा ब्रेक नसतो. त्यांपैकी काहींत स्पिंडलच्या आडव्या भोकात सळी घालतात, तर काहींत स्पिंडलच्या सपाट केलेल्या बाजूंवर दुसरा पाना लावतात. सळी घातली की स्पिंडल खरोखरच अडकतो, मग कोणी धरो वा न धरो. तेथे ‘अडकवणे’ किंवा सरळ ‘लॉक करणे’ हेच योग्य. हा भेद केवळ शब्दांचा नाही. हात काढताच ब्रेक सुटतो, सळी मात्र तशीच राहते, आणि ती काढायची राहून मशीन सुरू झाले तर भिरकावली जाते. म्हणून जेथे ‘लॉक करावा’ असे लिहिले असेल, तेथे त्याच परिच्छेदात ‘लॉक काढावा’ हेही आलेच पाहिजे.

मशीन सर्वांत कमी वेगाच्या गिअरमध्ये टाकून स्पिंडल जड करण्याची पद्धतही आहे. त्यात स्पिंडल फिरवायचा म्हणजे उलट्या बाजूने मोटर फिरवावी लागते, त्यामुळे बराच विरोध मिळतो, पण पूर्ण नाही. या कृतीला ‘रोखणे’ म्हणणेही अतिशयोक्तीचे होईल. ‘स्पिंडल जड होतो’ हा बोलीतला प्रयोगच खरा आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिप्रश्न

ब्रेक असलेल्या मशीनसाठी ‘ब्रेक मारून’ लिहावे की ‘ब्रेक लावून’?

प्रतिसाद

‘ब्रेक मारणे’ हे चालत्या वस्तूला थांबवण्यासाठी आहे. येथे मोटर आधीच बंद आहे, स्पिंडल थांबलेला आहे, तेव्हा मारायचे काय? नुसते ‘ब्रेक लावून’ही अपुरे वाटते, कारण त्यातून कृती एका क्षणात संपल्याचा भास होतो. ‘ब्रेक लावून ठेवून’ किंवा ‘ब्रेक दाबून धरून’ यांतून पाना ओढून होईपर्यंतचा काळ व्यक्त होतो. माझी पसंती दुसऱ्याला आहे.

‘आवळणे’ या क्रियापदावर कोणी आक्षेप घेतलेला नाही, तो घेऊही नये. ‘पिळणे’ मात्र येऊ देऊ नये. कॉलेट टेपरने धरायचे आहे, पान्यावरच्या जोराने नव्हे. आर-8 या प्रमाणित टेपरच्या ड्रॉबारचे आटे 7/16 इंच व्यासाचे, इंचाला 20, असे बारीक असतात आणि पान्याला नळी लावून पिळल्यास ते जातात. त्याच टेपरच्या स्पिंडलमध्ये आतून एक लहान पिन असते. आटे धरत असताना कॉलेट ड्रॉबारबरोबर फिरू नये, इतकेच तिचे काम. स्पिंडल रोखण्याशी तिचा संबंध नाही. तेव्हा तिच्यासाठी ‘लॉक पिन’ हा शब्द पुस्तिकेत आला असेल, तर तो बदलून ‘दिशापिन’ किंवा नुसते ‘पिन’ करावे.

प्रतिसाद

उलट कृतीच्या शब्दांकडेही लक्ष वेधावेसे वाटते, कारण तेथे घोटाळा अधिक होतो. ‘ड्रॉबार सैल करून कॉलेट काढावे’ या वाक्यात मधली एक पायरी गळली आहे. स्पिंडल पुन्हा रोखून धरून ड्रॉबार एक-दोन फेरेच सैल करायचा असतो, पूर्ण सोडायचा नसतो. त्यानंतर त्याच्या डोक्यावर पितळी हातोडीने हलका ठोका दिला की कॉलेट टेपरमधून ‘सुटते’, आणि मग खालून एका हाताने आधार देत ड्रॉबार पूर्ण ‘सोडवायचा’. सैल होणे, सुटणे आणि सोडवणे या तीन वेगळ्या घटना आहेत. ड्रॉबार आधीच पूर्ण सोडवून एखाद-दुसऱ्या आट्यावर ठोका दिला, तर तो सारा मार त्याच आट्यावर येतो.

मोर्स या दुसऱ्या प्रमाणित टेपरला हे अधिकच लागू आहे, कारण त्याचा एकूण कोन जेमतेम 3 अंशांचा असल्याने तो स्वतःच धरून बसतो. याउलट 7/24 प्रमाणाचा, सुमारे साडेसोळा अंशांच्या मोठ्या कोनाचा टेपर स्वभावतःच सुटणारा असतो. त्यात कटर फिरवण्याचा जोर स्पिंडलच्या तोंडावरचे चौकोनी ठोकळे पेलतात, ड्रॉबार फक्त आर्बर (कटर बसवायचा दांडा) वर ओढून ठेवतो. त्यामुळे पुस्तिका या टेपरच्या मशीनची असेल, तर ठोक्याचे वाक्य सक्तीच्या सूचनेत न घालता ‘न सुटल्यास’ या अटीने लिहावे, आणि आर्बर जड असल्यामुळे ‘आधार द्यावा’ हे मात्र त्याच्या आधी घ्यावे.