बिल हर्ड: फायनान्सने बुडवलं की व्हॉल्यूमच्या हव्यासाने?

धागाकर्ता: अमेरिकेत जॉर्जियातल्या कोलंबसचं हर्ड घराणं 1919 पासून गाड्या विकायच्या धंद्यात, बिल हर्ड ही त्यांची कंपनी. सात राज्यांत शोरूम, अमेरिकेतले सर्वांत मोठे शेव्हरोले (जनरल मोटर्स, म्हणजे जीएमचा ब्रँड) डीलर म्हणून नाव. सप्टेंबर 2008 मध्ये सगळं एकदम बंद, सुमारे 2,700 लोकांची नोकरी गेली. माझ्या मते कुलूप जीएमएसीने, म्हणजे जीएमशी जोडलेल्या फायनान्स कंपनीने लावलं. यार्डातली गाडी मुळात फायनान्सरच्या पैशावर उभी असते. चॅसिस नंबरवार कर्ज, रोजचं व्याज, गाडी विकली की काही दिवसांत मुद्दल परत. ऑगस्टमध्ये जीएमएसीने ही कर्जाची लाइन काढून घेतली. नवीन बिलिंगच, म्हणजे कंपनीकडून गाड्या उचलणंच थांबलं तर कुठला डीलर तग धरेल?

रेवा: लाइन काढायची वेळ का आली, तेही बघा. ‘मिस्टर बिग व्हॉल्यूम’, म्हणजे जास्तीत जास्त गाड्या खपवायच्या, हे यांचं ब्रीद, आणि स्टॉक पिकअप नि मोठ्या एसयूव्हींचा. जून 2008 ला पेट्रोल गॅलनला 4 डॉलरच्या वर गेलं आणि नेमका हाच माल अडकला. शिवाय रिकॉलची (दोषामुळे गाडी परत बोलावल्याची) नोटीस वाटावी अशी पत्रं पाठवून गिऱ्हाईक शोरूममध्ये ओढल्याचा आरोप जॉर्जियाच्या ग्राहक विभागाने केला होता. असल्या युक्त्यांनी महिन्याचा आकडा गाठता येतो, पण सर्व्हिसला परत येणारं गिऱ्हाईक तुटतं. मंदीत पगार निघतात ते वर्कशॉपवर. ही घोडचूक मालकांचीच.

धागाकर्ता: मालाचा मुद्दा मान्य. पण महिनाअखेरीला गाड्या डीलरच्या गळ्यात मारते कोण? कंपनीच ना! जीएमएसीत तेव्हा जीएमचा 49 टक्के हिस्सा होता, हेही विसरू नका.

शशांक: दोघांनीही व्याजाचं गणित मांडलं नाही. आपल्याकडचं धरू. 10 लाखांची गाडी, 10 टक्के व्याज, म्हणजे दिवसाला 274 रुपये. मार्जिन 4 टक्के धरलं तर 40,000. गाडी 120 दिवस पडून राहिली की जवळजवळ 33,000 व्याजात गेले, वर डिस्काउंट वेगळाच. इथून पुढे डीलर विकलेल्या गाडीची मुद्दल भरायची लांबवतो, तो पैसा पगाराला नि भाड्याला फिरवतो. मग ऑडिटर चॅसिस मोजायला येतो, गाडी जागेवर नसते, आणि लाइन त्याच आठवड्यात गोठते. हर्डकडे असंच घडलं असं माझं म्हणणं नाही, पण डीलरांच्या साखळ्या बहुतेक याच वाटेने बुडतात. म्हणून 60 दिवसांहून जास्त पडून राहिलेला स्टॉक असेल तर नवं बिलिंग घेऊ नये, टार्गेटचा बोनस गेला तरी चालेल.

रेवा: बिलिंग नाकारलं की पुढच्या महिन्यात खपणारं मॉडेल मिळत नाही, हे कोण सोसणार? जीएमने 2017 मध्ये भारतात विक्री बंद केली, तेव्हा तळेगावचा कारखाना निर्यातीवर चालू राहिला. शोरूमचं भाडं आणि सुट्या भागांचा साठा मात्र डीलरच्याच अंगावर. करारात माल परत घेण्याचं कलम नसेल तर 60 दिवसांची शिस्त पाळूनही हेच होतं.